झोकून द्यावं, पण किती?

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, रेल्वेचे रूळ आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात कोपरी वसलेली आहे. इथला सामाजिक कार्यकर्ता बहुधा नोकरदार असतो. सकाळची लोकल, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी परतल्यावर मंडळाची बैठक, रक्तदान शिबिराची पत्रकं, कुणाच्या तरी मुलाच्या शाळाप्रवेशासाठी फोनाफोनी आणि रविवारी खाडीकिनारी कचरा वेचायला जाणं, असा त्याचा आठवडा. पोटापाण्याचं काम वेगळं आणि जीव लावलेलं काम वेगळं. घरचे म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. शेजारी म्हणतात, असा एखादा माणूस गल्लीत हवाच. या धावपळीत त्याच्या मनाचं काय होतं, तो अधिक समाधानी होतो की आतून रिकामा होत जातो, हे विचारायचं मात्र राहून जातं.

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पहिलं, सेवेसारखं समाधान नाही. दुसरं, समाजकार्याने कुणाचं घर वर आलंय? दोन्हींत तथ्य आहे, त्यामुळे कुठल्याही एकावर थांबता येत नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्राने या विषयाचा बराच अभ्यास केला आहे. महाराष्ट्राकडे तर त्याहून जुना, दीडशे वर्षांचा अनुभव आहे आणि तो कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लिहूनही ठेवला आहे. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं, तर सामाजिक कामाची ओढ मनाला कधी बळ देते आणि कधी पोखरते, याचा बराचसा उलगडा होतो.

फायदा होतो, हे खरं

आधी जमेची बाजू. स्वयंसेवी काम आणि आरोग्य यांच्या संबंधावरचे चाळीस शोधनिबंध एकत्र तपासणारा एक आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. अनेक वर्षं माणसांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत स्वयंसेवकांमधला मृत्युदर इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसला. नैराश्य कमी आणि जगण्याविषयीचं समाधान जास्त, असंही आढळलं. पुढे २०२० साली अमेरिकेतल्या पन्नाशी ओलांडलेल्या जवळपास १३ हजार लोकांची माहिती तपासली गेली. वर्षाला शंभर तास किंवा त्याहून जास्त वेळ स्वयंसेवी कामाला देणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांत मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी होता. त्यांचा आशावाद आणि जगण्याला हेतू असल्याची भावना वाढलेली होती. शंभर तास म्हणजे आठवड्याला दोन. कोपरीतला रविवार तेवढा वेळ सहज देतो.

या आकड्यांना एक अट लागू आहे. धडधाकट, आनंदी, मित्रमंडळी असलेली माणसं मुळातच स्वयंसेवी कामाकडे जास्त वळतात. त्यामुळे कामाने माणूस निरोगी होतो की निरोगी माणूस कामाला लागतो, हे वेगळं काढणं अवघड जातं. २०१३च्या त्याच आढाव्यात, प्रयोग करून पाहिलेल्या अभ्यासांनी हा लाभ ठामपणे सिद्ध केलेला नव्हता.

दुसरी अट हेतूची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा संपवलेल्या हजारो विद्यार्थ्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला आहे. त्यातल्या स्वयंसेवकांना कामामागची कारणं विचारली होती. इतरांसाठी म्हणून काम करणाऱ्यांमध्ये मृत्युदर कमी आढळला. स्वतःच्या फायद्यासाठी किंवा स्वतःच्या अडचणी विसरण्यासाठी काम करणाऱ्यांचा मृत्युदर मात्र काहीच काम न करणाऱ्यांच्या जवळपास होता. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी केलेलं शिबिर आणि रक्ताची गरज ओळखून केलेलं शिबिर यांत रक्ताच्या पिशव्या सारख्याच भरत असतील, पण आयोजकाच्या मनात सारखंच काही भरत नाही.

स्वयंसेवी कामात संघर्ष असतोच असं नाही. व्यवस्था बदला म्हणून भांडणाऱ्यांचं काय? माल्टे क्लार आणि टिम कॅसर यांनी २००९ साली याचा शोध घेतला. चळवळीत भाग घेणारी माणसं आयुष्याविषयी अधिक समाधानी असल्याचं त्यांना आढळलं. मग त्यांनी एक छोटा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना कॉलेजच्या कॅन्टीन व्यवस्थापनाला अन्नाच्या नैतिक बाजूविषयी सूचना लिहायला सांगितल्या आणि काहींना फक्त चवीविषयी. पहिल्या गटातल्या मुलांना त्यानंतर अधिक चैतन्य जाणवलं. न्याय्य गोष्टीसाठी उचललेलं एक लहानसं पाऊलही मरगळ झटकायला पुरतं. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात खड्ड्याची तक्रार नोंदवून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या चालीत जो फरक पडतो, तो हाच असावा.

एकच ओढ, दोन चेहरे

मग त्याच कामाने काही जण मोडून का पडतात? याचं सर्वांत उपयोगी उत्तर कॅनडातल्या क्यूबेकमधले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वॅलरँड यांनी २००३ साली मांडलं. माणसाला प्रिय असलेल्या, तो मनापासून वेळ देतो अशा कामाची ओढ दोन प्रकारची असते, असं ते म्हणतात. पहिल्या प्रकाराला आपण सुसंवादी ओढ म्हणू. इथे काम माणसाच्या आयुष्यात मोठी जागा व्यापतं, पण घर, मैत्री, झोप, गाणं यांच्याशी भांडत नाही. माणूस काम हातात घेतो आणि वेळ आली की खालीही ठेवतो. दुसरी ओढ पछाडणारी. इथे काम माणसाला ओढत नेतं. त्यावर त्याची प्रतिष्ठा, त्याची ओळख, स्वतःविषयीचा आदर सगळं टांगलेलं असतं. काम नसेल तेव्हा तो बेचैन होतो आणि कामात असतानाही सुखी नसतो.

वॅलरँड आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी पुढे सामाजिक ध्येयांना लावली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपत्तीच्या वेळी धावून जाणारे आणि परदेशांत मदतकार्यासाठी जाणारे स्वयंसेवक तपासले गेले. सुसंवादी ओढ असणाऱ्यांना कामातून समाधान मिळत होतं आणि ते स्वतःच्या तब्येतीचीही काळजी घेत होते. पछाडलेले स्वयंसेवक स्वतःकडे दुर्लक्ष करत होते, त्यांच्या डोक्यात कामाचं चक्र सतत फिरत होतं, शरीराच्या तक्रारी वाढत होत्या आणि आघातानंतरच्या मानसिक ताणाची लक्षणंही त्यांच्यात जास्त होती. ध्येय तेच, मैदान तेच, निष्ठाही तितकीच. फरक होता तो माणूस आणि काम यांच्यातल्या नात्याचा.

त्याआधी २०१२ साली क्यूबेकच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. सुसंवादी ओढ असणारे शांततामय, लोकशाही मार्गांकडे झुकत होते, तर पछाडलेले आक्रमक मार्गांकडे. म्हणजे हा प्रश्न कार्यकर्त्याच्या तब्येतीपुरता उरत नाही. चळवळ कुठल्या वळणाला जाणार, हेही त्यावर ठरतं.

ठाण्यातल्या वाचकांना ही मांडणी वेगळ्या भाषेत ओळखीची वाटेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. १९९० साली ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'स्वभाव-विभाव'सारख्या पुस्तकातून ती घरोघरी पोचवली. इच्छा आणि हट्ट यांत ही पद्धत फरक करते. खाडी स्वच्छ व्हावी ही इच्छा माणसाला कामाला लावते. खाडी स्वच्छ झालीच पाहिजे, लोकांनी साथ दिलीच पाहिजे आणि नाही दिली तर सगळं फुकट, असा हट्ट धरला की पहिली चिडचिड लोकांवर निघते, दुसरी घरच्यांवर आणि शेवटची स्वतःवर. ध्येय मोठं ठेवून आग्रह लवचीक ठेवणं हे कसब आहे आणि ते शिकता येतं, ही या विचारातली दिलासा देणारी बाजू.

थकव्याचा शोध लागला तोच स्वयंसेवकांत

सध्या कंपन्यांच्या चर्चेत सतत येणारा 'बर्नआउट' हा विषय मुळात सामाजिक कामातून पुढे आला, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसा स्वतःचा व्यवसाय आणि संध्याकाळी गरिबांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यात काम, असा त्यांचा क्रम होता. उत्साहाने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडके, उदास आणि कोरडे होत जाताना त्यांनी पाहिले. स्वतःचीही तीच गत झाल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. १९७४ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला. नंतर ख्रिस्तिना मॅसलॅक यांनी या अवस्थेची तीन लक्षणं नक्की केली: भावनिक निचरा, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याविषयीच तुटकपणा, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ही अवस्था कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी म्हणून नोंदवली, तिला आजार मात्र म्हटलं नाही.

दुसरं लक्षण कार्यकर्त्याने नीट ओळखायला हवं. वस्तीतल्या माणसाचा फोन आला की 'आलं परत यांचं' असं मनात येणं, लोकांना अक्कलच नाही असं वाटू लागणं, हे स्वभाव बिघडल्याचं चिन्ह असेलच असं नाही. बऱ्याचदा तो साठलेला थकवा असतो.

अमेरिकेत वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या थकव्यावर पॉल गोर्स्की यांनी गेल्या दशकात बरंच लिहिलं. विरोधकांच्या हल्ल्यांनी माणसं थकतात, पण त्याबरोबर संघटनेतल्या आपसांतल्या भांडणांनी, मत्सराने आणि हौतात्म्याच्या वातावरणानेही थकतात, असं त्यांना दिसलं. जो विश्रांती घेतो तो कमी निष्ठावान, असं मानणाऱ्या संघटनेत माणूस थकवा लपवतो आणि एक दिवस निघून जातो. आपल्याकडच्या कुठल्याही संघटनेतल्या जुन्या कार्यकर्त्याला विचारा. पोलिसांच्या लाठीची आठवण तो हसत सांगेल. सहकाऱ्याने बैठकीत केलेला अपमान सांगताना त्याचा आवाज आजही बदलतो.

महाराष्ट्राने काय पाहिलं

आता आपल्या माणसांकडे वळू. साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५०ला वयाच्या पन्नाशीत त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. अशा घटनेला एकच कारण कधीच नसतं आणि दुरून निदान करणं अन्यायाचं ठरेल. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. जगाचं दुःख स्वतःचं मानणाऱ्या माणसाला आपण वंदन करतो, पण ते दुःख त्याच्यासोबत वाटून घेणारी व्यवस्था उभी करत नाही. ज्याने महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना रडायला आणि प्रेम करायला शिकवलं, त्याच्या मनाला कोण जपत होतं, हा प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

डॉ. अभय बंग यांचा अनुभव वेगळ्या वळणाचा. डॉ. राणी बंग यांच्यासह त्यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. बालमृत्यूंवरचं काम, दारूमुक्तीची चळवळ, संशोधन, प्रवास असं सगळं एकाच वेळी चालू असताना १९९५ साली, पंचेचाळिशीच्या आत, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या जगण्याची तपासणी केली: घाई, राग, ताण, आहार, व्यायामाचा अभाव, मनाची शांती. ती 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात आली आणि मराठीत प्रचंड वाचली गेली. मराठी कार्यकर्त्याने आपल्या शरीर-मनाचा हिशेब इतक्या उघडपणे मांडल्याची उदाहरणं थोडी आहेत. बंग यांनी काम सोडलं नाही, कामाची रीत बदलली. पुढे २००६ साली तरुणांना आयुष्याचा हेतू शोधायला मदत करणारा 'निर्माण' हा उपक्रमही त्यांनीच सुरू केला.

समाजकार्यात माणूस लवकर झिजतो, या समजाला छेद देणारी आयुष्यंही आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून बहिष्कार ओढवून घेतला, १८९६ साली आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं आणि १९६२ साली वयाच्या १०४व्या वर्षी ते गेले. हमाल पंचायत आणि 'एक गाव एक पाणवठा' ही नावं ज्यांच्याशी जोडली गेली, ते बाबा आढाव २०२४च्या नोव्हेंबरात चौऱ्याण्णवाव्या वर्षी पुण्यातल्या फुले वाड्यात उपोषणाला बसले. या दोघांच्या कामात एक साम्य आहे. ध्येय दूरचं होतं, पण रोजचं काम हाताला लागणारं होतं. आज एक मुलगी शिकली, आज एका हमालाला रास्त मजुरी मिळाली, आज हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रात इतकी माणसं स्वस्तात जेवली. लढाई लांबली तरी दिवस रिकामा जात नव्हता. आपल्या हातून काहीच होत नाही, या भावनेला त्यामुळे फारशी जागा मिळत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचंही आयुष्य या दृष्टीने वाचण्याजोगं आहे. डॉक्टर, शिवछत्रपती पुरस्कार मिळवणारे कबड्डीपटू, 'साधना'चे संपादक आणि १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संघटक, अशा अनेक भूमिका त्यांनी सांभाळल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी तो कायदा झाला. त्यानंतर कित्येक वर्षं दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते पुण्याच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर जमत राहिले. तो निषेध होता, तसंच एकमेकांना धीर देणंही होतं. आघात सोसलेल्या संघटनेने एकत्र येण्याची ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ जपली, तर शोक एकेकट्याच्या वाट्याला येत नाही.

हिशेब घरचाही असतो

कार्यकर्त्याच्या मनाचे अभ्यास बहुधा कार्यकर्त्यापाशी थांबतात. मराठीतल्या स्त्रियांनी ही उणीव केव्हाच भरून काढली आहे. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांच्या 'माझे पुराण'मध्ये थोर नवऱ्याच्या संसाराची ओढाताण रोखठोक येते. कर्व्यांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली होती. एकाची ओढ दुसऱ्याची असुरक्षितता कशी होते, याचं याहून बोलकं उदाहरण सापडायचं नाही. बायांनी स्वतःही आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव पायपीट केली, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. साधनाताई आमटे यांच्या 'समिधा'तून आनंदवन आतून दिसतं. तिथे बाबा आमटे यांच्या ध्येयाइतकंच, ते पेलणाऱ्या सहजीवनाचं वजन जाणवतं.

पैशाचा मुद्दाही मनाच्या आरोग्याचाच आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतनोंदणीसाठी विद्यार्थी गेले होते. त्या 'फ्रीडम समर'ला गेलेले आणि निवड होऊनही न गेलेले, अशा दोघांना वीस वर्षांनी डग मॅकअ‍ॅडम यांनी शोधून काढलं. गेलेले लोक नंतरही सार्वजनिक कामात जास्त सक्रिय राहिले होते, पण त्यांची कमाई कमी होती आणि लग्न टिकलेल्यांचं प्रमाणही कमी होतं. त्या उन्हाळ्याने त्यांना आयुष्यभराची दिशा दिली आणि त्याची किंमतही वसूल केली. अशा वेळी फक्त 'ध्यान करा, व्यायाम करा' हा सल्ला तोकडा पडतो.

ज्यांना निवडीची सोय नव्हती

वॅलरँड यांच्या मांडणीला एक मर्यादा आहे. काम हातात घ्यावं आणि वेळ आली की खाली ठेवावं, हे ज्याने ध्येय निवडलं त्याला जमतं. ज्याच्या जगण्यावरच घाला आलाय त्याने काय ठेवायचं? कोपरीलगतच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या कोळ्याला खाडीचं प्रदूषण हा सवडीचा विषय नाही. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला याचा पक्षीप्रेमींना आनंद होणं स्वाभाविकच आहे. पण मासळी आटलेल्या घरासाठी खाडी म्हणजे आधी चूल आहे. जातीच्या अपमानाविरुद्ध लढणाऱ्यालाही सुट्टीच्या दिवशी जात उतरवून ठेवता येत नाही.

तरीही अशाच माणसांच्या बाबतीत लढ्याने मनाला दिलेलं बळ सर्वांत ठळक दिसतं. त्याचा पुरावा जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये त्याची हकीकत सांगितली आणि या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मजुरी वाढल्याची गोष्ट त्यात आहेच, पण पुस्तकाचा खरा विषय भीती जाण्याचा आहे. जमीनदारापुढे थरथर कापणारा माणूस ताठ उभा राहतो, यापेक्षा मोठा मानसिक बदल कुठल्या प्रश्नावलीत मावणार? असहायतेची जागा सामूहिक ताकदीने घेणं, हे लढ्याचं औषध ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच सर्वांत जास्त लागू पडतं.

ठाण्यात आज त्याचं शांत रूपही आहे. समता विचार प्रसारक संस्था वर्षानुवर्षं प्रतिकूल परिस्थितीत दहावी होणाऱ्या मुलांचा एकलव्य पुरस्काराने गौरव करते. रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने २०१४ साली तिथेच 'वंचितांचा रंगमंच' सुरू झाला आणि वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटकं करू लागली. दुसऱ्याने आपल्यासाठी काही करणं आणि आपण आपल्याविषयी चारचौघांत बोलणं, यातला फरक त्या मुलांच्या उभं राहण्यात दिसतो.

चोवीस तास उपलब्ध

कोपरीसारख्या ठिकाणी कार्यकर्त्याचा आदर्श कोणता, हेही पाहायला हवं. ठाण्यात अजूनही आनंद दिघे यांचं नाव घेतलं जातं. टेंभी नाक्यावरच्या आनंदाश्रमात रात्री उशिरापर्यंत लोकांची गाऱ्हाणी ऐकणारा, स्वतःचा संसार नसलेला नेता अशी त्यांची प्रतिमा आहे. राजकीय मतं बाजूला ठेवली, तरी या प्रतिमेने जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या अनेक पिढ्यांवर ठसा उमटवला. कार्यकर्ता म्हणजे रात्री दोनला फोन उचलणारा, हे इथे गृहीत आहे. ज्याला सकाळी ऑफिस आहे आणि घरी दहावीतलं मूल आहे, तो हे माप स्वतःला लावतो तेव्हा रोज थोडा नापास होतो.

मोबाइलने हे माप आणखी ताणलं. आनंदाश्रमाचा दरवाजा कधीतरी बंद होत असेल, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होत नाही. सोसायटीची गळती, नाल्यातला कचरा, दूरच्या देशातलं युद्ध आणि कुणीतरी केलेला अपमान, सगळं एकाच पडद्यावर येतं. संताप भरपूर साठतो आणि हाताला काम मात्र लागत नाही. तरुणांमध्ये हे अधिक आहे. हवामानबदलाविषयी २०२१ साली भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली. त्यातल्या ५९ टक्क्यांनी आपण खूप किंवा अतिशय चिंतेत असल्याचं सांगितलं. या चिंतेला आजार मानण्याची घाई करू नये, कारण प्रश्न खरा आहे. पण चिंता आणि कृती यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकं मन अधिक कोंडतं. म्हणून वीस बातम्या पुढे ढकलणाऱ्या मुलाला एका रविवारी खारफुटीतला कचरा काढायला नेणं, हा त्याच्या मनासाठीही चांगला उपाय आहे.

उपाय संघटनेच्या हातात

इथवरच्या अभ्यासांतून आणि अनुभवांतून एक सूत्र निघतं. ध्येयाची ओढ मनाला पोसते ती चार गोष्टी असतील तर: काम स्वेच्छेने घेतलेलं असावं, त्याबाहेरही आयुष्य असावं, रोज हाताला लागणारं थोडं यश असावं आणि सोबत विश्वासाची माणसं असावीत. यातली पहिली गोष्ट काही अंशी व्यक्तीच्या हातात आहे. उरलेल्या तिन्ही संघटनेच्या रचनेवर अवलंबून आहेत. आपण मात्र सगळा भार व्यक्तीच्या मनोधैर्यावर टाकतो.

आपल्याकडे रचनेचे काही चांगले प्रयोग झाले आहेत. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू आणि अनेक नामवंत कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून त्यासाठी पैसा जमवला. समाजाने कार्यकर्त्याच्या चुलीची जबाबदारी घ्यावी, हा त्यामागचा विचार मानसिक आरोग्याच्या कुठल्याही शिबिराइतका महत्त्वाचा आहे. जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने निघालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत तीस वर्षांची वयोमर्यादा होती. त्यामुळे खुर्ची सोडणं हा अपमान ठरत नव्हता, तो नियमच होता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मानसमित्र तयार केले, म्हणजे मनाच्या अडचणी ओळखून योग्य मदतीपर्यंत पोचवणारे प्रशिक्षित कार्यकर्ते. असे मानसमित्र संघटनेच्या आतल्या माणसांसाठीही हवेत. डॉ. नाडकर्णींच्या ठाण्यातल्या संस्थेत मनोरुग्णांच्या नातेवाइकांचे स्वमदत गट चालतात. सतत दुसऱ्याची काळजी वाहणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं, ही त्यांची पद्धत कोपरीतल्या एखाद्या मंडळालाही सहज उचलता येईल.

फार खर्च लागणार नाही अशा गोष्टीही आहेत. अध्यक्षपद दोन वर्षांनी बदलायचं. रात्री दहानंतर ग्रुपवर तक्रार टाकायची नाही, तातडीच्या वेळेसाठी पाळीने एकाचा फोन चालू ठेवायचा. प्रत्येक मोहिमेनंतर हिशेबाबरोबर माणसांचीही विचारपूस करायची. वर्षातून एक महिना कामातून बाजूला होण्याचा हक्क प्रत्येकाला द्यायचा आणि परत आलेल्याकडे संशयाने पाहायचं नाही. झोप उडाली, भूक गेली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र मित्रांच्या धीरावर थांबू नये. डॉक्टरकडे जावं. २०२२ साली सुरू झालेली सरकारी टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

शेवटी निवाडा द्यायचा तर तो असा. समाजासाठी झटण्याने मन बिघडत नाही. अभ्यास आणि आपला इतिहास दोन्ही सांगतात की योग्य रीतीने केलं तर त्याने मन सुधारतं, आणि दबलेल्या माणसाचं तर ते उभंच राहतं. मन मोडतं ते कामाशिवाय स्वतःला काही किंमतच उरली नाही असं वाटू लागल्यावर, आणि झिजण्यालाच निष्ठेचा पुरावा मानणाऱ्या संघटनेत. कोपरीतला अर्धवेळ कार्यकर्ता या दृष्टीने नशीबवान आहे. त्याला नोकरी आहे, घर आहे, रविवार आहे, म्हणजे सुसंवादी ओढीला लागणारी सामग्री त्याच्याकडे आधीच आहे. त्याने पूर्णवेळ हुतात्मा होण्याचा हट्ट सोडावा. आणि आपल्या गल्लीत असा कुणी असेल, तर पुढची तक्रार सांगण्याआधी त्याच्या हातातलं एखादं काम आपण उचलावं.